कोले आणि त्यांचा 'पॉलिग्लॉटा आफ्रिकाना': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकी भाषांचा विषय निघाला की सिगिसमुंड विल्हेल्म कोले यांच्याबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. काही अगदी साधे असतात, काही चांगलेच पेचात टाकणारे. ते इथे एकत्र केले आहेत. या पानावर भाषांच्या वर्गीकरणापेक्षा माणसांबद्दल जास्त वाचायला मिळेल, हे आधीच सांगून टाकते. कोले यांच्या कामाचे खरे मोल तिथे आहे, असे माझे मत आहे.

१. हे कोले नेमके कोण? नावाचा उच्चार काय?

जर्मन मिशनरी आणि भाषाअभ्यासक. जन्म १८२० चा, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागातल्या क्लेब्रोन गावचा. बाझेल मिशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले, पण नोकरी केली लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीची. या संस्थेने त्यांना १८४७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला पाठवले. तिथल्या फ्रीटाउन शहरातल्या फोराह बे संस्थेत ते शिकवत होते. १८५३ मध्ये त्यांनी आफ्रिका सोडली, म्हणजे सगळे काम जेमतेम सहा वर्षांतले. मृत्यू १९०२ मध्ये लंडनला झाला. जर्मन उच्चार 'क्योले'च्या जवळ जातो. मराठीत 'कोले' चालून जाते.

२. 'पॉलिग्लॉटा आफ्रिकाना' म्हणजे शब्दकोश का?

नाही. तो तुलनात्मक शब्दसंग्रह आहे, १८५४ मध्ये लंडनला छापलेला. सुमारे २८० शब्द आणि छोटी वाक्ये घेतली आणि तीच यादी प्रत्येक भाषेच्या माणसाला विचारली. सगळी उत्तरे तक्त्यात शेजारी-शेजारी मांडली. सुरुवात एक, दोन, तीनपासून होते. मग माणूस, बाई, आई, बाप, शरीराचे अवयव, घर, हत्यारे, जनावरे, झाडे, धान्ये. देव, सैतान, मूर्ती, स्वर्ग, नरक हेही आहेत. मिशनऱ्याची यादी आहे हे तिथे लगेच कळते. क्रियापदे 'मी जातो', 'मी येतो' अशा रूपात विचारली आहेत, आणि याचा एक परिणाम होतो तो प्रश्न १५ मध्ये.

पुस्तक अवाढव्य आकाराचे आहे. सोबत ऑगस्ट पेटरमान या नामांकित नकाशाकाराने काढलेला आफ्रिकेचा नकाशा आहे. या कामासाठी कोले यांना १८५६ मध्ये फ्रान्सचे व्होल्ने पारितोषिक मिळाले.

३. एका गावात बसून एवढ्या भाषा कशा मिळाल्या? आफ्रिकाभर फिरले का?

फिरले नाहीत. भाषाच फ्रीटाउनला आल्या होत्या, आणि ज्या रीतीने आल्या ती भयंकर होती.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्यानंतर ब्रिटिश आरमाराची जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालू लागली. गुलाम भरून अमेरिकेकडे निघालेले जहाज पकडले की ते फ्रीटाउनला आणायचे, न्यायालयात खटला चालायचा आणि जहाजावरच्या माणसांना मुक्त म्हणून जाहीर करायचे. मात्र मुक्त म्हणजे घरी परत नव्हे. घर कुठे, वाट कुठली, आणि वाटेत पुन्हा कोणी पकडले तर? त्यामुळे बहुतेक माणसे तिथेच राहिली. रीजंट, बाथर्स्ट, हेस्टिंग्ज, वॉटर्लू, किसी अशा गावांत त्यांना वसवले गेले. १८०८ पासून १८६० च्या दशकापर्यंत अशी एक लाखाच्या आसपास माणसे सिएरा लिओनला उतरवली गेली.

सेनेगलच्या बाजूपासून अंगोलापर्यंतची, चाड सरोवराकाठची, इतकेच काय पूर्वेकडच्या मोझांबिकची माणसे एका डोंगराळ द्वीपकल्पावर शेजारी राहत होती. एवढ्या भाषा चालत जाण्याच्या अंतरात तेव्हा जगात दुसरीकडे क्वचितच मिळाल्या असत्या.

४. माहिती कोणाकडून घेतली? त्यांची नावे आहेत का?

आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत, आणि त्या काळच्या मानाने हे फार दुर्मीळ आहे. सहसा असल्या संग्रहांत 'एका निग्रोने सांगितले' एवढ्यावर भागवलेले असते. कोले मात्र प्रत्येकाचे मूळ नाव, सिएरा लिओनमध्ये मिळालेले इंग्रजी नाव, जन्मगाव, आजूबाजूची गावे आणि नद्या, घर सोडताना वय किती होते, इथे येऊन किती वर्षे झाली, तीच भाषा बोलणारे वसाहतीत आणखी किती जण आहेत, आणि पकडले कसे गेले, हे सगळे नोंदवतात. असे २०० हून अधिक माहितगार आहेत. जवळजवळ सगळे पुरुष. प्रत्येक भाषेला बहुधा एकच माणूस.

५. ते गुलाम कसे झाले, हे खरंच लिहिलंय?

हो. पुस्तकाचा हा भाग भाषातज्ज्ञांपेक्षा इतिहासकारांनी जास्त वापरला. फिलिप कर्टिन आणि यान व्हान्सिना यांनी १९६४ मध्ये, आणि पॉल हेअर यांनी १९६५ मध्ये या नोंदींवर लेख लिहिले. हेअर यांच्या मोजणीत सुमारे एक तृतीयांश माणसे लढाईत पकडली गेली होती. त्याहून थोडी कमी माणसे पळवून नेलेली होती: शेतात, रस्त्यावर, बाजाराला जाताना. दहात एक या प्रमाणात न्यायनिवाडा होऊन विकलेली होती. व्यभिचार, चोरी, जादूटोणा असे आरोप. काही जण कर्जापायी गेले, तर काहींना नातेवाइकांनीच विकले.

या तपशिलांना आकडेवारी म्हणून मर्यादा आहे. हे नमुन्यादाखल निवडलेले लोक नव्हते; भाषेसाठी निवडलेले होते. पण गुलामांच्या व्यापाराविषयीचे बहुतांश कागद जहाजमालकांचे, दलालांचे आणि अधिकाऱ्यांचे आहेत. इथे ज्याला विकले तो स्वतः सांगतो आहे, दोन-तीन ओळींत का होईना.

६. वर्गीकरण कशाच्या आधारावर केले?

शब्दांतली साम्ये, थोडे व्याकरण आणि बराचसा भूगोल. मिळून १२ गट. नावे भूगोलावरूनच आहेत: वायव्य अटलांटिक, मंडेंगा, अप्पर गिनी, नायजर नदीच्या मुखाकडच्या, काँगो-अंगोला बाजूच्या, आग्नेयेकडच्या, अशी. बाराव्या गटात अवर्गीकृत आणि एकाकी भाषा ठेवल्या आहेत.

हा बारावा गट मला सगळ्यात आवडतो. वोलोफ, हौसा, फुला अशा मोठमोठ्या भाषा त्यात आहेत, म्हणजे कोटीने बोलणारे असलेल्या भाषासुद्धा 'कुठे बसवाव्यात कळत नाही' म्हणून सरळ बाजूला ठेवल्या. हे दुबळेपणाचे लक्षण वाटू शकते. पण पुढे काय झाले ते पाहा. १९१२ मध्ये जर्मन भाषातज्ज्ञ कार्ल माइनहोफ यांनी फुला भाषेला 'हॅमिटिक' गटात, म्हणजे उत्तर आणि ईशान्य आफ्रिकेतल्या भाषांचा म्हणून तेव्हा मानलेल्या गटात, नेऊन बसवले. त्यामागे भाषेच्या पुराव्याइतकीच गुरे राखणाऱ्या, तथाकथित गोऱ्या वंशाच्या लोकांची कल्पना होती. ती चूक दुरुस्त व्हायला काही दशके गेली. आज फुला ही वोलोफ आणि सेरेर यांच्या जवळची अटलांटिक भाषा मानली जाते. कोले यांची कोरी जागा माइनहोफ यांच्या ठाम उत्तरापेक्षा बरी होती.

७. त्यांच्या गटांपैकी आज काय टिकलं आहे?

अपेक्षेपेक्षा बरेच. पश्चिम आफ्रिकेतल्या मांडे भाषांचा गट वेगळा आहे हे ओळखणारे कोले पहिले. त्यांनी 'मंडेंगा' नावाखाली १३ भाषा एकत्र ठेवल्या. 'अटलांटिक' हे गटाचे नाव आजही त्यांच्याच वायव्य अटलांटिकवरून चालत आले आहे. ईशान्येकडचा उंच सुदान असे नाव दिलेला गट म्हणजे बऱ्याच अंशी आजच्या गुर भाषा.

पण सगळ्यात दूरचे पाहणारे निरीक्षण एका शीर्षकात दडले आहे. वायव्य अटलांटिक गटाचे वर्णन करताना कोले म्हणतात की दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांप्रमाणे या भाषांतही शब्दाच्या सुरुवातीला बदल होतो. मराठीत अनेकवचन करताना शेवट बदलतो: मुलगा, मुलगे. स्वाहिलीत पुढचा भाग बदलतो: म्टू म्हणजे माणूस, वाटू म्हणजे माणसे. सेनेगल-गिनीच्या किनाऱ्यावर आणि हजारो किलोमीटर दक्षिणेला एकाच तऱ्हेची यंत्रणा दिसावी, हा योगायोग नव्हे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकन भाषातज्ज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी या दोन्ही टोकांना एकाच मोठ्या कुटुंबात बसवले. आज त्याला नायजर-काँगो म्हणतात. कोले यांनी सिद्धान्त मांडला नव्हता, फक्त बोट दाखवले होते. त्यांच्या चाहत्यांनी याहून जास्त दावा करू नये.

८. 'बांटू' हे नाव कोले यांनीच दिलं ना?

नाही. बांटू म्हणजे मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेला भाषांचा गट; स्वाहिली त्यातलीच. हे नाव विल्हेल्म ब्लेक यांचे. ब्लेकही जर्मनच, त्यामुळे घोळ होतो. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत राहून काम केले आणि त्यांच्या तुलनात्मक व्याकरणाचे भाग १८६२ आणि १८६९ मध्ये आले.

९. कोणी १०० भाषा म्हणतं, कोणी १२०, कोणी २००. खरा आकडा कुठला?

मोजता कशावर, यावर अवलंबून आहे. पुस्तकाच्या शीर्षकातच 'शंभराहून अधिक वेगळ्या भाषा' असे आहे. तक्त्यातल्या नोंदी मोजल्या तर त्या २०० च्या आसपास भरतात, कारण एकाच भाषेच्या बोलींनाही कोले यांनी स्वतंत्र जागा दिली आहे. आजच्या समजुतीने हिशेब लावला तर सुमारे १२० वेगळ्या भाषा निघतात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. लिहिताना 'सुमारे २०० भाषा आणि बोली' म्हणावे, म्हणजे वाद होत नाही.

१०. योरुबा ही नायजेरियातली एवढी मोठी भाषा, ती पुस्तकात कशी सापडत नाही?

ती 'अकु' या नावाखाली आहे. फ्रीटाउनमध्ये त्या लोकांना त्यांच्या अभिवादनावरून अकु म्हणत. सगळ्यांना मिळून योरुबा म्हणायची पद्धत तेव्हा नुकतीच पडत होती, मुख्यतः मिशनऱ्यांच्या लिखाणातून. कोले यांचा तिला विरोध होता. योरुबा हा त्यातला एकच भाग, इजेबू किंवा एग्बा माणूस स्वतःला योरुबा म्हणवत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हाच्या वस्तुस्थितीला धरून ते बरोबरही होते.

इतिहासाने मात्र दुसरी बाजू उचलली. सॅम्युअल अजायी क्राउदर यांनी १८४३ मध्ये योरुबा शब्दसंग्रह छापला होता. ते स्वतः पोर्तुगीज गुलामजहाजावरून सोडवलेले आणि फोराह बेचे पहिले विद्यार्थी. पुढे बिशप झाले. बायबलचे भाषांतर योरुबा नावाने झाले, शाळा त्या नावाने चालल्या, आणि नाव पक्के झाले.

११. अली आयसामी कोण होते? त्यांचं नाव सारखं येतं.

कोले यांचे सगळ्यात महत्त्वाचे माहितगार. शब्दसंग्रहासाठी बहुतेकांनी थोडा वेळ दिला. अली यांच्याबरोबर मात्र कोले यांनी कानुरी भाषेचे आख्खे व्याकरण लिहिले, शिवाय कथा, म्हणी आणि इतिहासाचा एक स्वतंत्र ग्रंथ केला. दोन्ही १८५४ चे.

अली बोर्नूच्या राज्यातले, आजच्या ईशान्य नायजेरियातले. वडील धर्मशिक्षक; मुलाला कुराणाच्या शाळेत घातलेले. मग सूर्यग्रहण, टोळधाड, दुष्काळ, साथ आणि फुलानी लोकांचे आक्रमण, असे एकामागून एक आले. घर मोडले, अली पकडले गेले आणि विकत विकत योरुबा प्रदेशात ओयोला पोचले. तिथे इलोरिनकडे बंड झाले आणि बंडात सामील होणारे गुलाम मुक्त होऊ लागले. हा पळून जाईल या धास्तीने मालकाने त्यांना किनाऱ्यावर, पोर्टो नोव्होला विकून टाकले. १८१८ मध्ये त्यांचे जहाज ब्रिटिशांनी पकडले. फ्रीटाउनला त्यांना विल्यम हार्डिंग हे नाव मिळाले.

हे सगळे त्यांनी स्वतःच्या भाषेत सांगितले आणि कोले यांनी मूळ कानुरीत, इंग्रजी भाषांतरासह छापले. आफ्रिकी माणसाने आफ्रिकी भाषेत सांगितलेले इतके जुने आत्मकथन फार थोडे आहे. कोले यांच्या नावावरचे एकच पुस्तक वाचायचे असेल तर तक्ते सोडा आणि हे वाचा.

१२. वाई लिपीशी त्यांचा काय संबंध?

ब्रिटिश आरमारातले अधिकारी फ्रेडरिक फोर्ब्स यांना आजच्या लायबेरियाच्या केप माउंट भागात एक अनोळखी लिपी दिसली. ही बातमी फ्रीटाउनला पोचताच कोले १८४९ मध्ये तिकडे गेले आणि ती तयार करणारे मोमोलू डुवालू बुकेले यांना प्रत्यक्ष भेटले. १८३३ च्या सुमारास ही लिपी स्वप्नातून सुचली आणि मित्रांच्या मदतीने पुरी केली, असे बुकेले यांनी त्यांना सांगितले. प्रत्येक अक्षरासाठी वेगळे चिन्ह, मिळून २०० च्या आसपास. कोले यांनी वाई भाषेचे व्याकरणही लिहिले. लिपी अजून वापरात आहे आणि २००८ पासून युनिकोडमध्ये आहे.

१३. वीस-वीस वर्षे घर सोडलेल्या माणसाचे शब्द विश्वासार्ह कसे मानायचे?

शंका रास्त आहे. बहुतेक माहितगारांना देश सोडून दहा वर्षांहून जास्त काळ झाला होता. काहींना आपली भाषा बोलायला वसाहतीत एक-दोनच माणसे उरली होती. आता यातून तीन गोष्टी होतात. शब्द विसरतात, शेजारच्या मोठ्या भाषेचे शब्द शिरतात, आणि बोली पकडल्या गेलेल्या वेळची राहते, १८५० ची नव्हे. तिसरी गोष्ट मात्र आजच्या अभ्यासकाला फायद्याचीच ठरते.

शिवाय एका भाषेला एक साक्षीदार. त्याचा समज चुकला तर दुरुस्त करणारे कोणी नाही. बऱ्याच पश्चिम आफ्रिकी भाषांत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि या सुरांची नोंद या पुस्तकात भरवशाची नाही. स्वर-व्यंजनांसाठी त्यांनी जर्मन विद्वान रिचर्ड लेप्सिउस यांच्या पद्धतीच्या जवळची लेखनपद्धती वापरली, ती बरीच काटेकोर आहे. एवढे धरूनही नंतरच्या अभ्यासकांनी पडताळणी केल्यावर बहुसंख्य नोंदी ओळखता आल्या. एका माणसाने, ध्वनिमुद्रण नसताना, सहा वर्षांत केलेल्या कामाला हा निकाल उत्तम म्हणावा लागेल.

१४. असं काम त्यांच्या आधी कोणीच केलं नव्हतं? आणि आपल्याकडच्या ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणासारखंच आहे का हे?

आधी झाले होते. क्वेकर पंथाच्या हॅना किलहॅम यांनी फ्रीटाउनमध्येच ३० भाषांचे नमुने गोळा करून १८२८ मध्ये छापले. हे काम फारसे कोणी सांगत नाही आणि सांगायला हवे. फ्रीटाउनची ही अवस्था भाषाअभ्यासाला उपयोगी पडेल हे त्यांना आधी सुचले. बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लार्क यांचा संग्रह १८४८ चा. कोले यांचे वेगळेपण व्याप्तीत, लेखनाच्या एकसारखेपणात आणि माहितगारांच्या नोंदींत आहे.

ग्रियर्सन यांचे भारतातल्या भाषांचे सर्वेक्षण पुढच्या पिढीतले आणि वेगळ्या जातीचे. ठरावीक शब्दयादी दोघांकडे आहे. पण ग्रियर्सन यांच्यामागे सरकारी यंत्रणा होती, नमुने जिल्ह्याजिल्ह्यातून आले, आणि बोलणारे आपल्या गावातच होते. कोले यांच्याकडे गाव हरवलेली माणसे होती.

महाराष्ट्राशी खरा दुवा हवा असेल तर तो नाशिकच्या शरणपूरमध्ये आहे. कोले ज्या संस्थेचे नोकर, त्याच चर्च मिशनरी सोसायटीने तिथे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबी जहाजांतून सोडवलेल्या मुलांसाठी आश्रयस्थान चालवले. त्यांतली काही मुले १८६६ मध्ये आफ्रिकेत फिरणारे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत गेली. जेकब वेनराइट नाशिकलाच शिकले. लिव्हिंग्स्टन यांचे शव १८७४ मध्ये इंग्लंडला नेताना ते सोबत होते. पुढे यांतली बरीच माणसे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या मुक्त केलेल्यांच्या वसाहतीत गेली. फ्रीटाउनसारखीच परिस्थिती होती, पण नाशिकला कोले नव्हते.

१५. पुस्तकातला शब्द आजच्या भाषेशी जुळत नाही. चूक कोणाची समजायची?

लगेच कोणाचीच समजू नका. आधी भाषेचे नाव तपासा. कोले यांनी दिलेली नावे बहुधा माहितगाराने सांगितलेली किंवा शेजाऱ्यांनी ठेवलेली आहेत, आणि आजच्या नावांशी त्यांचा मेळ बसेलच असे नाही. १९६३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझहून निघालेल्या पुनर्मुद्रणात पॉल हेअर यांची प्रस्तावना आहे, तिथून सुरुवात करावी. पुढे डेव्हिड डॉल्बी आणि इतरांनी एकेक गट घेऊन ओळख पटवली आहे.

मग शब्दाची चिरफाड करा. क्रियापद असेल तर त्यात 'मी' चिकटलेला आहे, तो बाजूला काढा. नाम असेल तर पुढचा तुकडा गटदर्शक असू शकतो (प्रश्न ७). त्यानंतर माहितगाराची नोंद उघडा: किती वर्षांचा असताना निघाला, वाटेत कुठे किती काळ होता, इथे त्याच्या भाषेचे किती जण आहेत. लहानपणी पळवलेल्या आणि मध्ये पाच वर्षे दुसऱ्या मुलखात राबलेल्या माणसाकडून आलेला परका शब्द चूक नसतो; तो त्याच्या वाटेचा पुरावा असतो.

एवढे करूनही जुळला नाही, तर त्याच गटातल्या शेजारच्या दोन-तीन भाषांत तोच अर्थ पाहा. बऱ्याचदा तिथे सापडतो.

१६. आफ्रिका सोडल्यावर त्यांनी काय केलं? भाषांचं काम पुढे नेलं का?

आफ्रिकी भाषांचे नाही. ते ऑटोमन साम्राज्यात गेले आणि १८६० च्या दशकापासून कॉन्स्टँटिनोपलला राहिले. १८७९ मध्ये इंग्लिश प्रार्थनापुस्तकाच्या तुर्की भाषांतरावरून त्यांना आणि त्यांना मदत करणाऱ्या अहमद तौफिक या तुर्की विद्वानाला अटक झाली. कोले लगेच सुटले. तौफिक यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि ब्रिटिश दबावामुळे ती टळली. उतारवयात कोले यांनी इस्लामवर टीका करणारे जाडजूड पुस्तक लिहिले. फ्रीटाउनमधला माणूस समोरच्याचे ऐकून घेत होता. या पुस्तकातला माणूस तसा वाटत नाही.